टर्बो बदलण्याआधी वायर मोजा: बूस्ट कंट्रोलमधला इलेक्ट्रिकल दोष कसा शोधायचा

घाट लागला की गाडी ओढत नाही. आरपीएम अडीच हजारांच्या पुढे रेटत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा चालू केली, की काही वेळ सगळं सुरळीत. अशी गाडी गॅरेजला नेली की बरेचदा पाहण्याआधीच निकाल लागतो, "टर्बो गेला साहेब."

टर्बो खरंच जातो, नाही असं नाही. पण शाफ्ट मोडलेला किंवा पाती तुटलेला टर्बो किल्ली फिरवून बरा होत नाही. बंद-चालू केल्यावर ताकद परत येत असेल, तर ईसीएमने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) काहीतरी न पटल्यामुळे स्वतःहून ताकद कमी केली होती, म्हणजे गाडी लिंप मोडमध्ये गेली होती, असा त्याचा अर्थ. न पटलेली गोष्ट एखादी वायर असू शकते, सेन्सर असू शकतो, रबरी पाइप असू शकतो किंवा काजळीने अडकणारी टर्बोची यंत्रणा असू शकते. यातला वायर, सोलेनॉइड आणि सेन्सर हा भाग घरच्या घरी साध्या मीटरने तपासता येतो. हा लेख तेवढ्यापुरता आहे. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या व्हीजीटी डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. टर्बो पेट्रोलला जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

व्हीजीटी टर्बोच्या पोटात हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना हलवायला एक डायफ्रॅमचा डबा असतो, त्यालाच ॲक्च्युएटर म्हणतात. त्या डब्याला किती व्हॅक्यूम द्यायचा हे एक छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) ठरवतो आणि सोलेनॉइडला ईसीएम हुकूम देतो. हुकूम पाळला गेला की नाही, हे इनटेकवर बसवलेला बूस्ट सेन्सर ईसीएमला कळवतो. बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब. एवढंच चक्र आहे.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बहुतेक व्हॅक्यूमवाल्या गाड्यांत सोलेनॉइडचा करंट गेला तर व्हॅक्यूम तुटतो, पट्ट्या उघडतात आणि बूस्ट कमी होतो. सोलेनॉइडवाल्या बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्येही करंट नसेल तर वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एग्झॉस्ट सोडणारा पडदा) स्प्रिंगच्या जोरावर लवकर उघडतो आणि बूस्ट कमीच राहतो. बिघाड झाला तर इंजिन वाचावं म्हणून कंपन्यांनी ही रचना केली आहे. म्हणून वायर तुटल्याचं लक्षण बूस्ट कमी हेच असतं. बूस्ट जास्त होण्याचा कोड आला तर आधी अडकलेल्या पट्ट्यांचा किंवा चुकीच्या जोडलेल्या पाइपचा संशय घ्या. त्याला इलेक्ट्रिकल अपवाद दोनच. सोलेनॉइडची कंट्रोल वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली, तर सोलेनॉइड कायमचा चालू राहतो. किंवा बूस्ट सेन्सर खोटा, कमी आकडा सांगत असेल, तर ईसीएम बिचारा अजून बूस्ट मागत राहतो.

लागणारं साहित्य आणि कागद

- डिजिटल मल्टिमीटर. ड्यूटी सायकल किंवा हर्ट्झ मोजणारा मिळाला तर उत्तम.
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीएमने साठवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. ईएलएम ३२७ वर चालणारा ब्लूटूथ ॲडाप्टर आणि फोनवरचं ॲप चालेल, पण त्याच्या मर्यादा पुढे सांगतो.
- ५ वॅटचा १२ व्होल्टचा पार्किंग बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसह.
- बारीक टाचण्या किंवा बॅक-प्रोब पिना, काँटॅक्ट क्लीनर, टॉर्च.
- हातपंपाचा व्हॅक्यूम गेज, उसना मिळाला तर.
- तुमच्या नेमक्या इंजिनचा वायरिंग डायग्राम. आरसीवरचा इंजिन नंबर आणि निर्मितीचा महिना जुळवून घ्या. बीएस ४ आणि बीएस ६ मध्ये एकाच नावाच्या गाडीची पिनआउट (कोणत्या पिनेवर कोणती वायर) वेगळी असू शकते.
- सर्व्हिस बुक. गाडी वॉरंटीत असेल तर पुढचं काहीही करू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) हात लागलेला दिसला की दावा नाकारायला कारण मिळतं.

सुरक्षेचं थोडक्यात: टर्बोचं घर चालून आल्यावर बराच वेळ भाजण्याइतकं तापलेलं असतं. रेडिएटरचा फॅन इग्निशन बंद असतानाही फिरू शकतो. इंजेक्टरच्या वायरींना टाचणी टोचू नका. कॉमन रेल गाड्यांत तिथे १२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं.

## १. कोड वाचा, लिहून घ्या, पुसू नका

स्कॅनर जोडण्याची १६ पिनांची जागा स्टीअरिंगखाली असते. कोड वाचल्याबरोबर "क्लिअर" दाबायचा मोह होतो. तो आवरा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: कोड पडला तेव्हा आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, वेग किती. पुसलंत की तीही जाते. फक्त गरम झाल्यावर येणारा दोष आणि थंड इंजिनवर येणारा दोष यांचे रस्ते वेगळे असतात, आणि हे फ्रीझ फ्रेमच सांगते.

साधारण भेटणारे कोड असे:

- पी००४५, पी००४७, पी००४८: बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडचं सर्किट. अनुक्रमे सर्किट तुटलेलं, लो आणि हाय.
- पी०२४३, पी०२४५, पी०२४६: वेस्टगेट सोलेनॉइडचं सर्किट, शेवटचे दोन लो आणि हाय.
- पी०२३५, पी०२३७, पी०२३८: बूस्ट सेन्सरचं सर्किट, पुन्हा शेवटचे दोन लो आणि हाय.
- पी२५६२ ते पी२५६५: ॲक्च्युएटरच्या पोझिशन सेन्सरचं सर्किट.
- पी०२३४ आणि पी०२९९: बूस्ट जास्त आणि बूस्ट कमी.

शेवटचे दोन कोड वायरीबद्दल काहीच सांगत नाहीत. ते फक्त निकाल सांगतात. एकटाच पी०२९९ असेल तर मीटर बाजूला ठेवा आणि आधी इंटरकूलरचे होज, क्लिपा, व्हॅक्यूमचे पाइप बघा. त्याच्या जोडीला सर्किटचा कोड असेल तर आधी सर्किट.

"लो" म्हणजे पार्ट खराब, असं वाचू नका. कोड सर्किटचं नाव घेतो, पार्टचं नाही. बहुतेक गाड्यांत सोलेनॉइडला १२ व्होल्ट फ्यूजमधून सतत मिळतात आणि ईसीएम अर्थची (निगेटिव्हची) बाजू चालू-बंद करतो. ईसीएम गप्प असताना त्याच्या पिनवर कॉइलमधून आलेले १२ व्होल्ट दिसायला हवेत. ते न दिसले की त्याच्या लेखी सर्किट लो. मग फ्यूज उडालेला असो, वायर तुटलेली असो, कॉइल जळालेली असो की वायर बॉडीला टेकलेली असो. "हाय" म्हणजे ईसीएम पिन खाली ओढतोय तरी १२ व्होल्ट हटत नाहीत. तिथे वायर दुसऱ्या पॉझिटिव्हला चिकटलीय किंवा कॉइल आतून शॉर्ट आहे.

आणखी एक सापळा. पी१ ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे असतात. फुकटचं ॲप त्याला दुसऱ्याच कंपनीचा अर्थ चिकटवतं. तो अर्थ तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा.

## २. डोळ्यांनी तपासा

पावसाळ्यानंतर येणाऱ्या अशा तक्रारींत निम्मं उत्तर बॉनेट उघडल्यावर दिसतं. उंदीर-घुशींनी कुरतडलेली वायर, वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने कपलरमध्ये घुसलेलं पाणी, टर्बोच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेलं इन्सुलेशन. हॉर्न, फॉग लॅम्प किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना कुणी हार्नेस सोलून टेप गुंडाळलीय का, तेही बघा. बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीचा जोड हा माझा पहिला संशयित असतो.

इग्निशन बंद करून सोलेनॉइड आणि बूस्ट सेन्सर यांचे कपलर सोडा. पिनांवर हिरवा थर आहे का? एखादी पिन आत दबली आहे का? रबरी सील जागेवर आहे का? कोकणात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हिरवा थर हमखास भेटतो. काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. सँडपेपर घासू नका. पिनेवरचा मुलामा निघतो आणि गंज आणखी वेगाने धरतो.

जाता जाता व्हॅक्यूमचे पाइपही वाकवून बघा. टोकाशी तडे असतील तर तेवढं टोक कापून पुन्हा बसवता येतं.

## ३. पुरवठा: फ्यूजपासून कपलरपर्यंत

बॅटरी आधी. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. बॅटरी अर्धमेली असेल तर ईसीएम भलतेसलते कोड टाकतो, त्यांच्या मागे धावू नका.

आता सोलेनॉइडचा कपलर सोडलेला ठेवा, इग्निशन ऑन करा आणि हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना एकेक करून बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत मोजा. एका पिनवर बॅटरीइतके व्होल्ट मिळायलाच हवेत. मिळाले की थांबू नका. त्याच पिनेत आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये ५ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पूर्ण प्रकाशला तर पुरवठा ठीक. मिणमिणला तर वायरीत, रिलेत किंवा फ्यूजच्या पायात रेझिस्टन्स आहे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून एका तंतूवर लटकलेली वायरही त्याला १२ व्होल्ट दाखवते. बल्ब मात्र फसत नाही.

हा बल्ब फक्त पुरवठ्याच्या पिनेवर वापरा. ईसीएमकडे जाणाऱ्या पिनेला लावू नका. थंड बल्ब पहिल्या क्षणी मोठा करंट ओढतो, आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

पुरवठाच नसेल तर फ्यूज बघा. तो एकाच सोलेनॉइडचा नसतो. ईजीआर (एग्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा), एअर फ्लो सेन्सर वगैरे बऱ्याचदा त्याच फ्यूजवर असतात. स्कॅनमध्ये तीन-चार भलतेच कोड एकत्र आले असतील तर सगळ्यांचा सामायिक फ्यूज किंवा मेन रिले शोधा. फ्यूज पुन्हा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका.

## ४. सोलेनॉइडची कॉइल

कपलर सोडून सोलेनॉइडच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. गाडीगणिक आकडा बदलतो, मॅन्युअलचा तोच खरा. पण साधारण १० ते ३० ओहमच्या पट्ट्यात तो भेटतो. मीटर "ओएल" दाखवत असेल तर कॉइल तुटली. दोन-तीन ओहम असेल तर आतून शॉर्ट आहे. अशी कॉइल ईसीएमलाही घेऊन बुडते, ती पुन्हा जोडू नका. पिन आणि सोलेनॉइडची धातूची बॉडी यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये.

थंड इंजिनवर ठीक आणि गाडी तापल्यावर कोड, असं असेल तर गरम असतानाच मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतोच: २५ अंशांना १५ ओहम असलेली कॉइल ९५ अंशांना १९ च्या आसपास जाते. ही वाढ नैसर्गिक आहे, त्यावरून सोलेनॉइड बदलू नका. आकडा उड्या मारत असेल किंवा एकदम "ओएल" होत असेल, तर मात्र आतली तार गरम झाल्यावर सुटते आहे.

कॉइल ठीक असेल तर दोन्ही वायरी सुट्या करून बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर द्या. टिक असा स्पष्ट आवाज यावा. आवाज आला म्हणजे आतली वाट मोकळी आहे असं नाही. तेल आणि धुळीने आतली जाळी तुंबलेली असू शकते. त्यासाठी व्हॅक्यूम गेज लागतो.

## ५. ईसीएमचा हुकूम येतो का

ईसीएम सोलेनॉइडला सलग करंट देत नाही. तो सेकंदात अनेकदा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचं प्रमाण बदलून व्हॅक्यूम कमी-जास्त करतो. हीच ड्यूटी सायकल.

कपलर जोडलेला ठेवा, कंट्रोल वायरच्या मागून टाचणी सारा, इंजिन चालू करा. मीटर ड्यूटीवर ठेवून रेस दिली की आकडा हलायला हवा. ड्यूटीची सोय नसेल तर डीसी व्होल्टवर ठेवा. १४ व्होल्टच्या पुरवठ्यात ईसीएम ७० टक्के वेळ अर्थ देत असेल तर सरासरी सुमारे ४ व्होल्ट दिसेल.

इथे दोन सापळे आहेत. एक, ईसीएम अर्थची बाजू हलवतो म्हणून मीटरचं प्रमाण उलटं दिसू शकतं. स्कॅनरवर ७० आणि मीटरवर ३०, तरी दोन्ही बरोबर. दुसरा सापळा जास्त नुकसान करतो: सर्किटचा कोड पडला की बरेच ईसीएम तो आउटपुटच बंद ठेवतात. तुम्ही मोजता, पल्स दिसत नाही, आणि "ईसीएम गेला" असा निष्कर्ष निघतो. म्हणून या पायरीआधी, कोड वहीत उतरवून झाल्यावर, तो क्लिअर करा, इग्निशन बंद-चालू करा आणि मग मोजा.

## ६. बूस्ट सेन्सर

हा सेन्सर तीन वायरींचा असतो: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. चौथी वायर असेल तर ती हवेच्या तापमानाची.

पहिली चाचणी फुकटची आहे. इंजिन बंद, इग्निशन ऑन, ॲपमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर (इनटेकमधला दाब) उघडा. इंजिन फिरत नाही म्हणजे आत बाहेरचाच दाब असणार. मुंबईत किंवा रत्नागिरीत सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात सुमारे ९५, महाबळेश्वरला ८६-८७. ॲपमध्ये बॅरोमेट्रिक प्रेशर वेगळं दिसत असेल तर दोन्ही आकडे जवळपास जुळले पाहिजेत. पुण्यात उभी गाडी ११५ किंवा ७० दाखवत असेल तर तिथेच थांबा, दोष या सर्किटमध्ये आहे. पुण्यातली गाडी ९५ दाखवते म्हणून "सेन्सर कमी दाखवतोय" असं म्हणून तो बदललेलाही मी पाहिला आहे. सेन्सर खरं बोलत होता, शहरच ५६० मीटर उंचावर आहे.

आता कपलर सोडा आणि इग्निशन ऑन ठेवून ५ व्होल्टची पिन मोजा, दोनदा. एकदा बॅटरीच्या निगेटिव्हशी, एकदा त्याच कपलरमधल्या अर्थच्या पिनेशी. दोन्ही वेळा ४.८ ते ५.२ च्या दरम्यान यायला हवं. पहिल्यांदा आलं आणि दुसऱ्यांदा नाही, तर सेन्सरची अर्थ तुटलेली आहे. अशा वेळी कोड बहुधा "हाय"चा असतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

दोन्ही वेळा नाही आलं, तर लगेच ईसीएमवर बोट ठेवू नका. ५ व्होल्टची ही लाइन अनेकदा इतर सेन्सरांनाही जाते: रेल प्रेशर, ईजीआरची पोझिशन, काही गाड्यांत एसीचा प्रेशर सेन्सर. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळे झोपतात. मीटर ५ व्होल्टच्या पिनेवर ठेवा आणि बाकीचे सेन्सर डायग्राम बघून एकेक सोडा. ज्याला सोडल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो दोषी.

शेवटी कपलर जोडून सिग्नलच्या वायरीला मागून टाचणी लावा. इंजिन बंद असताना साधारण १ ते २ व्होल्ट, आणि रेस दिल्यावर तो सरळ वर चढावा, मध्ये तुटू नये. व्होल्टेज बरोबर आणि स्कॅनरवरचा आकडा चूक, असं दिसलं तर सेन्सर निर्दोष आहे, मधली वायर किंवा ईसीएमकडचा कपलर बघा.

सेन्सर काढून त्याचं नाकही बघा. ईजीआरच्या काजळीने आणि तेलाने भोक बुजलं असेल तर आकडा चुकत नाही, पण उशिरा येतो. क्लीनरने हलक्या हाताने धुवा, भोकात तार घालू नका.

फोनच्या ॲपचा एक गोंधळ इथेच सांगतो. ओबीडीच्या ठरलेल्या मॅनिफोल्ड प्रेशरच्या खान्यात २५५ किलोपास्कलपेक्षा मोठा आकडा मावतच नाही. आकडा २५५ ला चिकटला म्हणजे सेन्सर अडकला असं नव्हे. शिवाय हा आकडा पूर्ण दाबाचा आहे. "बूस्ट" हवा असेल तर त्यातून बाहेरचा दाब वजा करा.

## ७. मधली वायर

इथवर पार्ट ठीक निघाले तर ईसीएम ते कपलर ही वायर उरते. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडा आणि दोन टोकांमध्ये मोजा. एक ओहमपेक्षा कमी यावं. मग तीच वायर बॉडीशी आणि शेजारच्या पिनांशी मोजा, तिथे काहीच जोड नको. मोजताना हार्नेस हलवा, वाकवा, विशेषतः ब्रॅकेटमधून वळतो तिथे आणि इंजिनवरून बॉडीवर येतो तिथे. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि त्या वळणावर वायर आतून तुटते. बाहेरून इन्सुलेशन शाबूत दिसतं.

## ८. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर

नव्या बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमचा डबा नसतो, टर्बोवरच मोटर असते. पाच वायरी असतील तर बहुधा दोन मोटरच्या आणि तीन पोझिशन सेन्सरच्या. सेन्सरच्या तीन वायरी सहाव्या पायरीसारख्याच तपासा. मोटरला बॅटरीचे थेट १२ व्होल्ट देऊ नका. काही ॲक्च्युएटरच्या आत स्वतःचं सर्किट असतं आणि ते जळतं. दोष आतला निघाला तर नवा बसवल्यावर हालचालीच्या दोन्ही टोकांची ओळख त्याला स्कॅनरने करून द्यावी लागते. हे काम फोनच्या ॲपने होत नाही. ज्याच्याकडे मोठा स्कॅनर आहे त्याच्याकडेच ॲक्च्युएटर बदलून घ्या.

## ९. जोड टिकेल असा करा

टर्बोजवळ साधी काळी टेप महिनाभरही धड राहत नाही, वितळून चिकट होते. त्याच जाडीची वायर घ्या, क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि खाचांच्या प्लास्टिक पाइपातून वायर एग्झॉस्टपासून लांब बांधा. टाचणीने इन्सुलेशन टोचलं असेल तर ते भोक बंद करा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात दोष तिथूनच सुरू होतो.

## १०. रस्त्यावर तपासणी

कोड पुसा, ओबीडी ॲडाप्टर लावा आणि सोबत कुणाला तरी घ्या. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. मोकळ्या चढावर, इंजिन पूर्ण तापल्यावर, तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि साडेतीन हजारांपर्यंत जाऊ द्या. शेजारच्याने मॅनिफोल्ड प्रेशर नोंदवायचं. ईसीएमने मागितलेला बूस्टही दिसला तर फारच बरं, पण तो बहुतेक ॲपमध्ये येत नाही, गॅरेजच्या स्कॅनरवर येतो.

मागितलेला आकडा २२० आणि मिळालेला २१५ असेल तर काम झालं. मिळालेला १५० वर अडकला आणि सर्किटचा एकही कोड परत आला नाही, तर वायरिंगचा विषय संपला. आता होज, इंटरकूलर, ॲक्च्युएटरचा रॉड आणि शेवटी टर्बो, याच क्रमाने. घरी आल्यावर ॲडाप्टर काढून ठेवा. त्या सॉकेटला बॅटरी थेट जोडलेली असते आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.